टेस्ट-२ नावाचे दप्तर

माझा व्यवसाय मराठीत सांगायची वेळ आली की मी ‘दप्तरदार’ म्हणून मोकळा होतो. कार्डावर ‘स्टोरेज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असे छापलेले आहे. पण ते वाचून जुन्या सांगवीतल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी, गोदामात त्यांच्या भाचीच्या संसाराचे सामान ठेवायला जागा मिळेल का, अशी चौकशी केली होती. त्यांचे फारसे चुकले नव्हते. चाकण पट्ट्यातल्या मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची सगळी विजेरी कागदपत्रे सांभाळणे हे माझे काम. डायांची ड्रॉइंग, तपासणीचे अहवाल, बारकोडच्या नोंदी, हजेरी, पगारपत्रके, फाटकावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण, सारे एका थंड खोलीतल्या गोदरेजच्या कपाटाएवढ्या यंत्रात जाऊन बसते. त्या कपाटाला मी महिनोन्‌महिने हात लावत नाही. माझा व्यवहार चालतो तो एका पडद्याशी. त्या पडद्याला आम्ही कन्सोल म्हणतो.

हा लेख त्या पडद्याविषयी आहे. तो काय दाखवतो, काय दाखवत नाही, आणि २०१४च्या पावसाळ्यात त्याच्यावरचे एक बटण दाबून मी काय घालवले, याविषयी.

आधी कपाटाच्या आत काय असते ते पाहू. आत चकत्या असतात, म्हणजे हार्ड डिस्क. आमच्या त्या वेळच्या यंत्रात मुख्य गटात दहा होत्या, प्रत्येकी ४ टेराबाइटच्या. पण माहिती साठवणाऱ्या कुठल्याही संगणकाला या दहा चकत्या दिसत नाहीत. चकती हे फिरणारे, तापणारे आणि कधीतरी हमखास मरणारे यंत्र आहे. तिच्या एकटीच्या भरवशावर कुणी पगारपत्रक ठेवत नाही. म्हणून चकत्यांचा गट करतात आणि माहिती त्या गटावर वाटून ठेवतात. समजा तीन चकत्यांवर ७, ५ आणि ९ असे आकडे लिहिले, तर चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवायची. मधली चकती गेली, तर २१मधून ७ आणि ९ वजा करायचे. हरवलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षातले गणित बेरजेपेक्षा निराळे असते, पण कल्पना हीच. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ती एका निबंधात मांडली आणि तिला ‘रेड’ हे नाव पडले. एक मोठी महागडी चकती घेण्याऐवजी पुष्कळ लहान स्वस्त चकत्या घ्या आणि त्यांच्या मरणाची आधीच तजवीज करून ठेवा, असे त्यांचे म्हणणे. त्याआधीचा काळ मोठ्या यंत्रांचा होता. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या चकतीयंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होते, आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. आज फोनवर काढलेला एक फोटो तेवढी जागा खातो.

आमच्या गटात दहापैकी कोणत्याही दोन चकत्या एकाच वेळी गेल्या तरी माहिती शाबूत राहावी अशी योजना होती. म्हणजे दोन चकत्यांएवढी जागा या हिशेबासाठी राखीव, आणि वापरायला उरले ३२ टेराबाइट. कन्सोल मात्र २९.१ दाखवतो. नवीन यंत्र आले की वरिष्ठांचा पहिला प्रश्न हाच असतो, की उरलेले तीन कुठे गेले? ते कुणी खाल्लेले नसतात. चकती बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र १,०२४च्या पटीत. शेर आणि किलो यांचा घोळ ज्यांनी बाजारात पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

चकती मेली की कन्सोलवर तिच्या जागी तांबडा ठिपका येतो, राखीव चकती आपोआप तिची जागा घेते आणि तिच्यावर जुना मजकूर पुन्हा भरणे सुरू होते. सेकंदाला शंभर मेगाबाइटचा वेग धरला तरी चार टेराबाइट भरायला अकरा तास लागतात; कारखाना चालू असताना त्याहून कितीतरी जास्त. त्या वेळात दप्तरदार चहा पितो, पण त्याला चव लागत नाही.

या गटाचा एक मोठा साठा होतो, त्याला आम्ही ‘पूल’ म्हणतो. पुलातून हवे तेवढे तुकडे कापून द्यायचे. एक पगार विभागाला, एक ड्रॉइंगला, एक कॅमेऱ्यांना. या तुकड्याचे नाव व्हॉल्यूम. ज्या संगणकाला व्हॉल्यूम दिला, त्याला वाटते की आपल्याला एक स्वतंत्र चकतीच मिळाली आहे. वाड्यातल्या भाडेकऱ्याला आपल्या दोन खोल्या म्हणजेच घर वाटावे, तसे. कन्सोलवर माझ्यासमोर असते ती या व्हॉल्यूमांची यादी. नाव, आकार, कोणाला दिला, किती भरला आणि गेल्या सात दिवसांत त्याच्यावर किती वर्दळ झाली याचा एक छोटा आलेख, एवढेच. आत काय आहे ते कन्सोल सांगत नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने सगळे सारखेच ठोकळे.

लिहिण्याची पद्धतही जुन्या पेढीसारखी आहे. एखाद्या संगणकाने काही पाठवले की यंत्र ते लगेच चकतीवर जाऊन लिहीत नाही. आधी ते आपल्या जलद स्मृतीतल्या एका रोजकीर्दीत, आले त्या क्रमाने, टिपून घेते आणि ‘मिळाले’ असा निरोप देते. मग सवडीने त्या नोंदी चकत्यांवर आपापल्या जागी नेऊन बसवते. ही झाली खतावणी. मध्येच वीज गेली तर रोजकीर्द पुसली जाऊ नये म्हणून तिला बॅटरीचा आधार असतो. ती बॅटरी थकली की कन्सोल पिवळा त्रिकोण दाखवतो. चाकणला वीज कशी जाते हे माहीत असलेल्या माणसाने हा त्रिकोण अंगावर काढू नये.

पिवळ्या त्रिकोणाशी माझे काय नाते होते, ते पुढे येईलच.

*

या पडद्याचा पुण्याशी एक जवळचा संबंध आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. साठवणीचे व्यवस्थापन करणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत ‘व्हेरिटास’ हे नाव एके काळी सर्वांत वर होते. बँका, टेलिफोन कंपन्या, शेअर बाजार यांच्या मोठ्या युनिक्स यंत्रांवर चकत्यांचे गट आणि व्हॉल्यूम सांभाळण्याचे काम तिचे ‘व्हॉल्यूम मॅनेजर’ करी. या कंपनीचे एक मोठे विकासकेंद्र पुण्यात होते. २००५ साली सिमँटेकने व्हेरिटास विकत घेतली, २०१६ साली ती पुन्हा वेगळी झाली. फाटकावरच्या पाट्या बदलत राहिल्या आणि पुण्यातले काम चालू राहिले. माझ्या पिढीतल्या पुष्कळ अभियंत्यांनी साठवण म्हणजे काय हे तिथे जाऊन आलेल्या कुणाकडून तरी शिकून घेतले आहे. मीही त्यातलाच.

त्या सॉफ्टवेअरला दोन तोंडे होती. एक, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या. दुसरे, माउसने चालवायचा चित्रमय कन्सोल. मला त्यातली एक गोष्ट फार आवडे. कन्सोलवर एखादे काम केले की त्यामागे कोणत्या आज्ञा चालल्या, ते नंतर उघडून वाचता येई. म्हणजे बटण दाबणाऱ्याला आपण नेमके काय केले हे शिकायची सोय होती. आज्ञा टंकताना माणूस नाव अक्षर अक्षर लिहितो, आणि लिहिताना निदान एकदा तरी वाचतो. माउसने ते नाव नुसते दिसते. टंकून काम करणाऱ्याला नवे लोक जुनाट म्हणतात, म्हणोत. माझ्या हातून जे घडले ते माउसने घडले.

*

आता ‘थिन प्रोव्हिजनिंग’ नावाच्या सोयीबद्दल सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिथून सुरू होते. हजार पत्रिका वाटणारा यजमान केटररला हजार ताटे सांगत नाही. सगळे येणार नाहीत, येतील ते एकदम पंगतीला बसणार नाहीत, हे दोघांनाही माहीत असते. साठवणीतही तसेच करतात. पगार विभाग पाच टेराबाइट मागतो, पण पहिल्या वर्षी त्यातले अर्धेही वापरत नाही. मग त्याला पाच दिल्याचे सांगायचे आणि प्रत्यक्ष जागा तो लिहील तसतशी पुलातून द्यायची. संगणकाला पाच दिसतात, पुलातून एकच गेलेला असतो. ही लबाडी नव्हे. तिच्यामुळे पैसे वाचतात, आणि सगळे जग ती वापरते. फक्त यजमानाने दारात उभे राहून माणसे मोजत राहायला हवे. आमच्या २९ टेराबाइटच्या पुलावर आम्ही ५२ टेराबाइटची आश्वासने दिली होती.

मोजण्याचे काम कन्सोल करतो. पूल ८० टक्के भरला की तो ई-मेल पाठवतो, ९०ला पुन्हा, ९५ला पुन्हा. आमच्याही कन्सोलने ती सगळी पत्रे पाठवली. ती गेली माझ्या आधी या जागेवर असलेल्या गृहस्थांच्या पत्त्यावर. ते नोकरी सोडून गेल्याला दहा महिने झाले होते आणि तो पत्ता बंद होता. कामाचा ताबा घेताना मी पासवर्ड घेतले, चाव्या घेतल्या, वॉरंटीचे कागद घेतले. पण धोक्याची पत्रे कुणाच्या नावाने जातात, ते पाहिले नाही.

पडद्यावर पिवळा त्रिकोण होताच. पण तो नेहमीच असे. कधी एखाद्या पंख्याची कुरकुर, कधी परवान्याची मुदत, कधी नवीन आवृत्ती उपलब्ध असल्याची वार्ता. सगळ्यांना एकच त्रिकोण. रोज सकाळी कन्सोल उघडला की कोपऱ्यात तो दिसे आणि मी त्याच्याकडे शेजारच्या घरातल्या टीव्हीच्या आवाजाइतकेच लक्ष देई.

आषाढी एकादशीला आठवडा राहिला होता. रात्री पावणेतीनला फोन वाजला. लाइनवरचे बारकोड वाचक नोंद घेत नव्हते. तिसऱ्या पाळीचे लोक वहीत हाताने आकडे लिहीत होते. आमच्या घरापासून दापोडी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा रस्ता. त्या पावसात पोचायला तास लागला असता. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप उघडून कन्सोलमध्ये शिरलो. पूल १०० टक्के भरला होता. लिहायला जागाच नसल्यामुळे सगळे व्हॉल्यूम एकामागून एक थांबत चालले होते. नवीन चकत्या यायला दिवस लागले असते. त्या क्षणी एकच उपाय, काहीतरी पुसून जागा करायची.

व्हॉल्यूमांची यादी आकारानुसार लावली. वरचे पगाराचे, गुणवत्तेचे, कॅमेऱ्यांचे. त्यांच्याखाली ‘टेस्ट-२’. खरोखर भरलेली जागा तीन टेराबाइट. गेल्या सात दिवसांचा वर्दळीचा आलेख सपाट, एकही टेकाड नाही. चाचणीसाठी केलेला, विसरलेला, कुणी न वापरणारा व्हॉल्यूम. दप्तरदाराला रात्री तीन वाजता याहून चांगले काय मिळणार? मी तो निवडला. ‘हा व्हॉल्यूम कायमचा पुसला जाईल. खात्री आहे?’ असे कन्सोलने विचारले. तो ते प्रत्येक वेळी विचारतो. एखाद्या रिकाम्या व्हॉल्यूमचे नाव बदलतानाही विचारतो. मी होय म्हटले. मिनिटभरात पूल ९० टक्क्यांवर आला, तांबडे ठिपके हिरवे झाले, तिसऱ्या पाळीने वह्या मिटल्या. दुसऱ्या दिवशी माझे कौतुकही झाले.

एकादशी झाली आणि टूलरूममधले काका कामावर आले. ते दर वर्षी पालखीबरोबर पंढरपूरला चालत जात. त्यासाठी वर्षभर रजा साठवत. बंद पडलेल्या मॉडेलांच्या सुट्या भागांच्या डाया त्यांच्याकडे होत्या. मोटार बाजारातून गेली तरी तिचे भाग पुढे पुष्कळ वर्षे पुरवावे लागतात, आणि त्या डायांची ड्रॉइंगे काढणारे, त्यांत दुरुस्त्या करणारे काका एकटेच. त्यांची जुनी चकती दोन वर्षांपूर्वी बंद पडली, तेव्हा माझ्या आधीच्या गृहस्थांनी ‘तात्पुरते यात ठेवा’ म्हणून त्यांना एक चाचणीचा व्हॉल्यूम जोडून दिला होता. ड्रॉइंगे, स्कॅन आणि मापन यंत्रावरच्या नोंदी त्यात साचत गेल्या. ते तात्पुरते कधी संपले नाही आणि नावही कुणी बदलले नाही. वर्दळीचा आलेख सपाट होता, कारण माणूस वारीत होता.

यंत्रातून काही परत मिळणे शक्य नव्हते. पुसलेली जागा इतरांनी केव्हाच वापरून टाकली होती. हल्ली काही यंत्रणांत पुसलेला व्हॉल्यूम चोवीस तास बाजूला ठेवतात, त्याआधी मन बदलता येते. आमच्यात ती सोय नव्हती, आणि असती तरी दहा दिवसांनी तिचा उपयोग नव्हता. मी बॅकअपच्या टेपकडे धावलो. तिथे नियम लिहिलेला होता: ज्यांचे नाव ‘टेस्ट’ने सुरू होते असे सर्व व्हॉल्यूम वगळावेत. नियमात गैर काही नाही. टेप महाग असते, चाचणीचा कचरा कुणी जपून ठेवत नाही.

काका ओरडले नाहीत. ते म्हणाले, “साहेब, नाव बघून पुसलंत. आत काय आहे ते बघायचंत ना.”

त्यांना काय सांगणार? आत पाहायची सोय माझ्या पडद्यावर नव्हती, हे खरे होते; पण सकाळपर्यंत थांबून टूलरूमला एक फोन करायची सोय होती. कॅमेऱ्यांचे जुने चित्रण पुसूनही तेवढीच जागा झाली असती. ते कागदोपत्री महत्त्वाचे होते, म्हणून मी त्याला हात लावला नाही.

*

पुण्यात कौन्सिल हॉलजवळ पुराभिलेखागाराची इमारत आहे. लोक तिला पेशवे दप्तर म्हणतात. १८१८नंतर पेशव्यांची कागदपत्रे कंपनी सरकारच्या ताब्यात गेली, आणि इनामे-वतने तपासण्यासाठी ती उपयोगी असल्यामुळे जपली गेली. मोडी कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून फळ्यांवर रचलेले. या दप्तरात एवढे काही असताना इतिहासाच्या अभ्यासकांना तिथे फार काळ मोकळा प्रवेश नव्हता. राजवाडे गावोगाव पायपीट करून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या वाण्याच्या पुड्यांतून कागद वाचवत फिरले, आणि १८९८पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले, त्या काळात पुण्यातले हे रुमाल बव्हंशी बंदच होते. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून झाले.

एवढ्या थोड्या वेळात ४५ खंड कसे निघाले, याचे आश्चर्य करताना एक गोष्ट आपण विसरतो. रुमालावर काही ना काही खूण होती. प्रांत, खाते, कागदाचा प्रकार. त्या खुणा पुष्कळदा अपुऱ्या होत्या, काही ठिकाणी चुकीच्याही. तरी सरदेसायांच्या हाताखालच्या माणसांना गाठ सोडून आत पाहता येत होते. मोडी वाचणाऱ्याला दोन ओळींत कळे की कागद जमाखर्चाचा आहे की पत्रव्यवहाराचा. आमच्या दप्तराला गाठच नाही. व्हॉल्यूम हा शिवून टाकलेला रुमाल आहे आणि वरची चिठ्ठी हीच त्याची सगळी ओळख. पेशवाईत ‘चालते दप्तर’ असा एक शब्द होता, रोजच्या कारभारातल्या कागदांसाठी. आम्हीही वर्दळीच्या आलेखावरून चालते कोणते आणि पडलेले कोणते ते ठरवतो. पडलेले म्हणजे टाकाऊ असे समजून त्या काळी कुणी सात दिवसांच्या मापाने रुमाल जाळले असते, तर छापायला काय उरले असते?

*

त्या प्रसंगानंतर मी इतरांच्या चुका जमवू लागलो. त्यांतली मला सर्वांत जवळची वाटते ती ‘गिटलॅब’ या कंपनीची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणारी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री तिथला एक दमलेला अभियंता दुय्यम यंत्रावरची माहिती पुसायला गेला आणि त्याने ती मुख्य यंत्रावर पुसली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले. तोवर सुमारे ३०० गिगाबाइट गेले होते. मग बॅकअप शोधू लागले. एकामागून एक पाच व्यवस्था निघाल्या आणि पाचही कुचकामी. त्यांतली एक कित्येक दिवस दर रात्री अयशस्वी होत होती. अपयशाची ई-मेल निघतही होती, पण ती वाटेतच नाकारली जात होती. हे वाचताना मला स्वतःच्या दहा महिन्यांच्या बंद पत्त्याची आठवण झाली नसती तरच नवल. त्यांना वाचवले ते त्याच अभियंत्याने दुसऱ्याच एका कामासाठी सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. सहा तासांचे काम गेले. कंपनीने काही न लपवता सगळा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि मी तो नव्या मुलांना कामाच्या पहिल्या दिवशी वाचायला देतो.

स्नॅपशॉटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे थांबतो. कन्सोलवर ‘स्नॅपशॉट’चे बटण दाबले की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तीन टेराबाइटची जणू प्रत तयार होते. एवढ्यात प्रत होत नसते. यंत्र फक्त म्हणते की या घटकेपासून जे पान बदलेल त्याचे जुने पान फेकू नका. न बदललेली पाने दोघांची सामायिकच. त्यामुळे चुकून पुसलेली फाइल तासाभरापूर्वीच्या स्नॅपशॉटमधून सहज परत आणता येते. पण चकत्यांचा सगळा गटच गेला तर व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट एकाच चितेवर जातात. दुसऱ्या ठिकाणी चालणाऱ्या हुबेहूब प्रतीचेही असेच एक दुखणे आहे. इकडे पुसले की तिकडेही इमानेइतबारे पुसले जाते.

म्हणून वेगळ्या जागी, वेगळ्या माध्यमावर, यंत्रणेपासून तोडलेली एक प्रत लागते. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरच्या खात्यांच्या फायली जळाल्या, तेव्हा दुसरी प्रत कुठे आहे हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक कचेरीत विचारला गेला. उत्तर म्हणून स्कॅनिंग आले, संगणक आले. पण संगणकाने प्रश्न मिटतो असे नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी माहिती केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांची कामाची कागदपत्रे ठेवायची ८५८ टेराबाइटची सामायिक साठवण जळून गेली. तिची दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा आहे, म्हणून ती ठेवली नव्हती.

आमची तोडलेली प्रत पुष्कळ वर्षे माझ्या घरी होती. हसू नका, लहान-मध्यम कारखान्यांत ही रीत सर्रास होती. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याची टेप डब्यात घालून, स्कूटरच्या डिकीत टाकून घरी आणायची आणि कपाटात ठेवायची. कारखाना चाकणला, टेप सांगवीला. तीस-एक किलोमीटरचे अंतर म्हणजे कुठल्याही आगीला पुरून उरेल. आगीचा विचार केला होता. जुनी सांगवी मुळा आणि पवना यांच्या बेचक्यात आहे आणि आमचे घर तळमजल्यावर, हा विचार राहून गेला. पानशेत फुटले त्या १२ जुलै १९६१च्या दिवशी पेठांतल्या घरांतून कागद आणि पोथ्या चिखलात कशा गेल्या, हे लहानपणापासून ऐकत आलो तरी तो पूर मुठेचा, आपला काय संबंध, अशी माझी समजूत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पवना आणि मुळशी धरणांतून विसर्ग वाढला आणि नदीकाठच्या सांगवीत पाणी शिरले. आईने आधी देव वर नेले, मग माझ्याकडे बघून टेपांचा डबा नेला. पाणी आमच्या पायरीला लागून ओसरले. त्यानंतर टेप दुसरीकडे जाते. कुठे ते लिहीत नाही.

काकांच्या ड्रॉइंगांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्यांच्याकडे ड्रॉइंगांचे खण असलेले एक जुने लाकडी कपाट होते. काका पडद्यावर दुरुस्ती करण्याआधी कागदावर पेन्सिलीने करत आणि तो कागद टाकून देत नसत. दोनशेच्या वर ड्रॉइंगांपैकी दीडशे-एक त्या कपाटात सापडली. ती पाहून तीन मुलांनी गणपतीपर्यंत सगळी पुन्हा संगणकावर काढली. उरलेल्यांसाठी रॅकवरच्या डाया खाली उतरवल्या, त्यांवरचे ग्रीस पुसले आणि मापे घेतली. लोखंडावरून ड्रॉइंग काढायचे काम काका स्वतः करत आणि मी त्यांच्यासाठी आकडे लिहून घेई. मला मायक्रोमीटर वाचता येतो तो तेव्हापासून. सात डाया भंगारात गेलेल्या निघाल्या. त्यांची ड्रॉइंगे गेली ती गेलीच.

आता आमच्या कन्सोलवर ‘टेस्ट’ हे नाव देताच येत नाही. प्रत्येक व्हॉल्यूमच्या नावात खाते, काम आणि जबाबदार माणसाचा हुद्दा असतो. नावे त्यामुळे लांबलचक आणि कुरूप झाली आहेत, अशी नव्या मुलांची तक्रार आहे. पुसायला दोघांची संमती लागते आणि दुसऱ्याने खात्याला फोन केला आहे की नाही याची नोंद वहीत होते. ही वही कागदी आहे. धोक्याची पत्रे माणसाच्या पत्त्यावर जात नाहीत, पाळीवर असणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर वाजतात. पिवळा त्रिकोण चोवीस तासांहून जास्त राहू द्यायचा नाही, असा माझा हट्ट आहे आणि त्यापायी मी पंख्यांवर जरा जास्तच खर्च करतो, असे हिशेब खात्याचे म्हणणे. खंडेनवमीला कारखान्यात लेथला, प्रेसला हार घालतात तसा आमच्या कपाटालाही घालतात. हळदकुंकू मात्र मी दारावरच्या काचेला लावायला सांगतो, पंख्यांपासून लांब.

आणि महिन्यातल्या एका शनिवारी टेपवरून काहीतरी परत आणून पाहायचे. हे आणायचे काय, ते आम्ही ठरवत नाही. एखाद्या खात्यातला माणूस चिठ्ठीवर लिहून देतो. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी टूलरूमची पाळी होती. काका निवृत्त झाले आहेत, पण त्यांच्या जागेवरच्या मुलीने चौदा ड्रॉइंगांचे क्रमांक दिले होते. टेप लावली, दोन तास गेले, मग एकेक उघडून पाहिले. चौदाही उघडली. अकरावे काकांच्या कागदावरून स्कॅन केलेले होते. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘इथे २ दशांश कमी धर’ असे लिहिलेले, तेही वाचता आले.